दामदुपटीचे दिवस

फैजपुरात माझं नाव कुमुद आहे, हे आता मोजक्या माणसांनाच ठाऊक असेल. बाकी सगळ्यांसाठी मी 'पोस्टवाल्या अक्का'. खरं तर मी पोस्टात एक दिवसही नोकरी केलेली नाही. मी अल्पबचतीची एजंट होते. घरोघरी जाऊन बायकांकडून महिन्याचा हप्ता घ्यायचा, पोस्टाच्या खिडकीत भरायचा, आणि भरल्याची नोंद पुन्हा ज्याच्या त्याच्या दारी नेऊन दाखवायची, हे माझं काम. पाच वर्षं हप्ते भरले की पोस्ट सगळी रक्कम व्याजासकट परत करायचं. सरकार मला त्यावर कमिशन द्यायचं. ते इतकं, की वर्षाच्या चपला सुटायच्या आणि दिवाळीला एक बरं पातळ व्हायचं.

माझे यजमान हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. घरात बसून काय करतेस, म्हणून त्यांनीच अर्ज आणून दिला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुढे वीसेक वर्षं मी फैजपूर आणि आसपासची खेडी पायांनी तुडवली.

लोकांना वाटतं, या कामात पैसे मागायची लाज वाटत असेल. लाज फार तर महिनाभर वाटते. अवघड गोष्ट वेगळीच होती. कुठल्याही बाईला विचारा, "काही शिल्लक राहते का?" ती म्हणणार, "आमच्याकडं कुठली शिल्लक, अक्का!" आणि शिल्लक असायची. डाळीच्या डब्यात, गोधडीच्या अस्तरात, देवघरातल्या फोटोच्या मागे. एका घरी उंदरांनी नोटांचं घरटं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. ती बाई रडली नाही, कारण रडली असती तर नवऱ्याला कळलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं खातं उघडलं.

तेव्हा माझं पहिलं काम पैसे गोळा करण्याचं नव्हतं. पैसे आहेत असं कबूल करायला लावण्याचं होतं.

एका केळी बागायतदाराच्या बायकोनं नवऱ्याच्या चोरून माझ्याकडे खातं काढलं होतं. "यांना कळू देऊ नका." सहा महिन्यांनी तिचा नवरा मला बाजारात गाठून म्हणाला, "अक्का, माझंही एक काढा, पण घरी बोलू नका. बायकोचा हात सैल आहे." मी दोघांचेही हप्ते घेत राहिले. तिचा दुपारी माजघरात, त्याचा बांधावर. लेकीच्या लग्नात दोघांनी एकमेकांना अभिमानानं आपापली रक्कम दाखवली, आणि मग दोघंही मिळून माझ्यावर रागावले. त्या लग्नात मला मानाचं पातळ मिळालं, पण महिनाभर कुणी नीट बोललं नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या लेखात मला सांगायचं आहे ते वामन गुरुजी आणि द्वारकाबाई यांच्याबद्दल.

द्वारकाबाईंचा नवरा केळी कापणाऱ्या टोळीत होता. ट्रक भरताना वरून पडला आणि पाठ कायमची गेली. त्यानंतर बाईंनी स्टँडसमोर कढई मांडली. ट्रक भरून झाला की तुटलेल्या, डाग पडलेल्या फण्या मागे राहतात. व्यापारी त्या टाकून देतो. बाई त्या स्वस्तात उचलायच्या आणि वेफर्स तळायच्या. चेहरा सतत तेलाच्या धगीनं लाल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी झारा न थांबवता विचारलं, "पैशाले पैसा कसा व्हते, ते सांगा. मंग देते."

मी म्हटलं, "केळीचं खोड कापलं की शेजारचं पील वाढतं ना? त्याला पण घड लागतो?"

"लागते की."

"आणि त्या पिलाच्या बुडाशी?"

"आनखी पील."

"व्याज म्हणजे तेच. व्याजालाही व्याज लागतं. फक्त मधूनच पील उपटायचं नाही."

बाईंनी कढईतला घाणा काढला, हात पुसले आणि पहिला हप्ता दिला. खात्यावर अंगठा चालला असता, पण त्यांना सही करायची होती. परातीतल्या पिठात बोटानं गिरवून गिरवून त्यांनी आपलं नाव शिकून घेतलं. 'द्वा' त्यांना शेवटपर्यंत सरळ आला नाही.

पहिली ठेव पिकली तेव्हा त्यांनी मोठी कढई घेतली आणि उरलेल्या पैशांना हात न लावता दुसरी ठेव सुरू केली, आधीच्यापेक्षा मोठ्या हप्त्याची. त्यांना स्टँडसमोर एक गाळा हवा होता. पत्र्याचा का होईना, पण वर छप्पर आणि समोर शटर असलेला. पावसाळ्यात त्यांचा धंदा बुडायचा, म्हणून. दुसरी ठेव पिकत आली तेव्हा गाळ्याच्या निम्म्या किमतीला आम्ही पोचलो होतो. 'आम्ही' म्हणते, कारण तोपर्यंत तो गाळा मलाही हवासा झाला होता.

नेमकी त्याच सुमाराला फैजपुरात सागाची कंपनी आली.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही वर्षं. तेव्हा अशा कंपन्यांचं पीकच आलं होतं. कुणी शेळ्या विकायचं, कुणी आंब्याची कलमं. या कंपनीचं म्हणणं असं, की तुम्ही पैसे भरा, तुमच्या नावानं सागाची झाडं लागतील, साग वाढेल तसे तुमचे पैसे वाढतील. काही वर्षांत दामदुप्पट, पुढे चौपट. मंगल कार्यालयात सभा झाली. पडद्यावर चित्रं दाखवली. सरळसोट उंच साग, त्याच्या बुंध्याशी हसत उभी असलेली पाड्यावरची माणसं. शहरातून आलेला सुटाबुटातला माणूस फार गोड बोलला. पण लोकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. लोक त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. तिथं वामन गुरुजी बसले होते.

गुरुजींनी गावाच्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं होतं. मलाही. शिकवणीचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. परीक्षेच्या दिवसांत ओट्यावर कंदील लावून फुकट शिकवायचे आणि वर शेंगदाणे द्यायचे. आता निवृत्त झाले होते, पत्नी गेली होती, मुलगा पुण्याला होता. गावाबाहेर विहिरीसह केळीचं थोडं शेत होतं, त्यात त्यांचा जीव. अशा माणसानं सभेत उभं राहून सांगितलं, "मी स्वतः पैसे गुंतवले आहेत." मग कुणाला काय विचारायचं राहिलं?

दुसऱ्याच आठवड्यात गुरुजी माझ्या घरी आले. कंपनीनं त्यांना तालुक्याचं काम दिलं होतं आणि त्यांना मी बरोबर हवी होते. घरोघरी मला ओळखत होते ना.

"कुमुद, हा कागद बघ. चक्रवाढीनं मांडलंय. तू माझी विद्यार्थिनी आहेस, तूच तपास."

मी तपासलं. एक आकडाही चुकला नव्हता.

"गणित बरोबर आहे, गुरुजी. पण मध्येच कुणाला पैसे लागले, तर मी तिला कुठल्या खिडकीशी घेऊन जायचं?"

"धुळ्याला ऑफिस आहे की."

"माझ्या बायका भुसावळच्या पुढं एकट्या गेलेल्या नाहीत."

गुरुजी हसले. "अगं, झाड लावणारानं रोज मुळं उकरून बघायची नसतात."

मी नाही म्हटलं. हे वाचून कुणाला वाटेल, बाई मोठी शहाणी. तसं नव्हतं. मला सागाबद्दल काही कळत नव्हतं आणि कंपनीबद्दलही. माझ्या अंगाला पोस्टाच्या खिडकीची सवय होती, इतकंच. समोर माणूस बसलेला असतो, त्याच्याशी भांडता येतं. धुळ्याच्या माणसाशी भांडायला मी कशी जाणार, एवढाच माझा विचार. यजमान तर म्हणाले होते, "गुरुजी आहेत म्हणजे बघायला हरकत नाही."

माझ्या बायका एकेक करून गळायला लागल्या. ठेव पिकली की नवी उघडायच्या ऐवजी पैसे घेऊन गुरुजींकडे. मी अडवत नसे. एजंटाला सल्ला देता येतो, अडवता येत नाही. पैसा ज्याचा त्याचा. पण द्वारकाबाई आल्या तेव्हा मी भांडले.

"बाई, गाळ्याचे पैसे आहेत हे."

"म्हनूनच त. पोस्टात ठुले तर गाया व्हयाले आनखी पाच वरसं. तठी ठुले तर तीन." गाळ्याला त्या 'गाया' म्हणत.

"पोस्टात थोडं मिळतं, पण मिळतं."

"अक्का, गुरुजी खोटं बोलतीन का?"

"गुरुजी खोटं बोलणार नाहीत. पण गुरुजींनाच कुणी खोटं सांगितलं असेल तर?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "सगळं एका टोपलीत घालू नका. बाजाराला जाताना सगळे पैसे एकाच गाठीला बांधता का?" तेवढं त्यांना पटलं. एक हिस्सा पोस्टात राहू दिला, दोन हिस्से घेऊन गेल्या. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "राग नका धरजा." मी कुठला राग धरणार!

पहिलं वर्ष फार छान गेलं. कंपनीनं मुदतीआधीच सगळ्यांना 'भेट' म्हणून चेक पाठवले, आणि ते वटले. गावात पेढे वाटले गेले. ज्यांनी थोडे भरले होते त्यांनी आणखी भरले. मला पाहून काही बायका रस्ता बदलायच्या. त्यांना माझी कीव येत होती. द्वारकाबाईंनी मात्र कधी टोमणा मारला नाही. मी स्टँडवरून गेले की कागदात मूठभर गरम वेफर्स हातावर ठेवायच्या.

दुसऱ्या वर्षीचे चेक परत आले. गुरुजी म्हणाले, बँकेची काही गफलत असेल. त्यांनी पत्रं लिहिली. उत्तर नाही. तार केली. उत्तर नाही. लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसायला लागले, आधी नम्रपणे, मग न बोलता, मग मोठ्यानं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी गुरुजी माझ्या दाराशी उभे. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, दाढी वाढलेली.

"कुमुद, माझ्याबरोबर धुळ्याला येशील? मला आता माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. दुसरे डोळे हवेत."

यजमानांनी माझ्याआधीच मान हलवली. स्टँडवर द्वारकाबाईंनी आम्हाला पाहिलं, चुलीवर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "मी बी येते. दोन हिस्से माहे हायेत तठी." भाकरीचं गाठोडं घेऊन त्या एसटीत चढल्या.

धुळ्याला ऑफिसच्या दाराला कुलूप होतं. दारावरची पाटीसुद्धा काढून नेलेली, नुसत्या खिळ्यांची भोकं. खालच्या शिंप्यानं मान वर न करता सांगितलं, "पोळ्याच्या आधीच गेले. खुर्च्या, पंखे, बठ्ठं लई गयात. तुमच्यासारखे रोज येतस."

गुरुजी जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता हे इथेच कोसळतात. पण थोड्या वेळानं ते उठले. चेहऱ्यावर एक वेडी आशा.

"ऑफिस पळालं, पण झाडं? झाडं कुठं पळतील? जमीन आहे, साग आहे. आपण ती विकून लोकांचे पैसे देऊ."

त्या रात्री धुळ्याला माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. सकाळी शिरपूर, तिथून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणारी जीप. वाटभर गुरुजी एका सागाला किती घनफूट लाकूड निघतं, त्याचा हिशेब तोंडानं करत होते. द्वारकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या मुलखात केळी नाही. पावसावरची ज्वारी, दगडाळ रान आणि दूरवर डोंगर.

कंपनीच्या कागदावर गावाचं नाव होतं, तिथं उतरलो. आणि खरंच साग होता. चित्रातल्यासारखाच. उंच, सरळ, परातीएवढी पानं. गुरुजी जवळजवळ धावलेच. एका झाडाला त्यांनी दोन्ही हात लावले आणि आमच्याकडे वळून लहान मुलासारखे हसले. "आहे! कुमुद, आहे!"

बाजूला एक म्हातारे बाबा शेळ्या चारत होते. त्यांनी विचारलं, "कोन शेतस तुम्ही?"

मी म्हटलं, "बाबा, ही सागाची बाग त्या कंपनीची ना?"

"बाग?" बाबांना शब्दच कळेना. "हाई त जंगल शे. सरकारनं. बठ्ठं सरकारनं." तिकडे 'सरकारनं' म्हणजे सरकारचं.

"मग कंपनी? साहेब आले होते ना इथं?"

"उना था ना एक सायब. गाडी लई सन. आमले झाडसजोडे उभं करं, फोटो काढा, पोरेसले गोळ्या वाट्यात. मंग चालना गया." ते हसले. "त्या फोटोमा मी बी शे." मंगल कार्यालयाच्या पडद्यावर झाडांशी हसत उभी होती ती हीच माणसं.

गुरुजींचे हात अजून झाडावर होते. ते त्यांनी हळूच काढले, जसं दुसऱ्याच्या वस्तूवरून काढावेत तसे. मग तिथंच मातीत बसले. बाबांनी न सांगता तांब्याभर पाणी आणून दिलं.

"गणित बरोबर होतं, कुमुद," पाणी पिऊन ते म्हणाले. "पहिली संख्याच खोटी होती."

द्वारकाबाईंनी गाठोडं सोडलं. एक भाकरी त्यांनी बाबांना दिली, एक गुरुजींपुढं धरली.

"आदी खा, गुरुजी. उपाशी पोटी रडू नही."

ते खात होते आणि रडत होते. मी तोंड फिरवून शेळ्यांकडे बघत बसले.

गावात परतल्यावर जे व्हायचं ते झालं. पोलिसांत तक्रार दिली. जबाब झाले. सुटाबुटातला माणूस सापडला नाही. लोकांच्या हाताशी होते फक्त गुरुजी. एकदा ओट्यावर दगडही पडला. ज्याला त्यांनी फुकट शिकवून मॅट्रिकच्या पलीकडे नेलं होतं, तोच चारचौघांत म्हणाला, "म्हातारा कमिशन खाऊन बसला." कमिशन घेतलं होतं हे खरं, आणि ते सगळंच्या सगळं त्यांनी कंपनीतच परत भरलं होतं हेही खरं. गावात सर्वांत जास्त पैसे गुरुजींचेच बुडाले होते.

पुण्याहून मुलगा आला. शिकलेला, समजूतदार. त्यानं वकिलाला विचारलं आणि वडिलांना सांगितलं, "नाना, कायद्यानं तुमच्यावर काही येत नाही. तुम्हीही फसलेलेच आहात. पुण्याला चला."

गुरुजी म्हणाले, "लोकांनी कंपनीला पैसे दिले नाहीत रे. मला दिले."

त्यांनी शेत विकायला काढलं. विहिरीसकट. मुलगा दोन दिवस बोलला नाही, मग खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही करून पुण्याला गेला. मला त्या मुलाबद्दलही वाईट वाटतं. त्याच्या जागी मी असते, तर सही केली असती की नाही, सांगता येत नाही.

शेताच्या पैशांतून सगळ्यांचं भागणार नव्हतं. गुरुजी माझ्याकडे आले. "घरोघरची परिस्थिती तुला माहीत आहे. आधी कुणाला द्यायचं, ते सांग." आम्ही ठरवलं, की ज्यांनी मजुरीतून भरले त्यांना आधी, व्याज कुणालाच नाही, फक्त मुद्दल, आणि मोठ्या बागायतदारांना शेवटी, उरले तर. गुरुजींनी ते लपवलं नाही. बागायतदारांना त्यांनी घरी बोलावून सरळ सांगितलं. एकजण तडकला, "माझा पैसा काय पैसा नाही?"

गुरुजी म्हणाले, "आहे. पण तुमची चूल पेटलेली आहे."

दोघातिघांनी आपण होऊन हक्क सोडला. बाकीच्यांनी सोडला नाही. एक गृहस्थ तर पुढं त्यांच्या अंत्ययात्रेलाही आले नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी गुरुजींबरोबर दारोदार फिरले. आयुष्यभर मी पैसे घ्यायला फिरले होते. द्यायला फिरण्याची ही पहिलीच वेळ. काही बायकांनी पैसे कपाळाला लावले. काहींनी दार अर्धं उघडून हात बाहेर काढला आणि दार लावून घेतलं. एका घरी तर पैसे घेतल्यावर बाईनं विचारलं, "अन व्याज?" गुरुजींनी हात जोडले.

शेवटी स्टँडवर द्वारकाबाईंकडे गेलो. मला वाटत होतं, ही बाई नको म्हणेल. भाकरी देणारी बाई, ती पैसे कशी घेईल? बाईंनी घाणा उतरवला, हात स्वच्छ पुसले, गुरुजींनी दिलेला रुमाल सोडून नोटा नीट पाहिल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

"घेते मी, गुरुजी," त्या म्हणाल्या. "नही घेतले तर मेहेरबानी व्हईन. तुमच्यावर मेहेरबानी करनारी मी कोन?"

गुरुजींनी मान खाली घातली. मला वाटतं, इतक्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी माणूस म्हणून वागवलं होतं.

गाळा झाला, ठरल्यापेक्षा उशिरा. पोस्टात राहिलेल्या हिश्शाचं बचतपत्र होतंच, त्यात हे परत आलेले पैसे आणि पुढल्या हप्त्यांची भर पडली. शटर वर गेलं तेव्हा बाईंनी नारळ माझ्या हातून फोडून घेतला. आता त्यांची सून तिथं बसते, वेफर्स पार इंदूरपर्यंत जातात. गुरुजी त्यांच्या जुन्या घराच्या दोन खोल्यांत राहिले, बाकीचं घर भाड्यानं दिलं. पेन्शनवर त्यांचं भागायचं. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

आजकाल मला शाळा-कॉलेजांत बोलावतात. आर्थिक साक्षरता हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. मी जाते, सांगते: खातं स्वतःच्या नावानं असू द्या, वारस लावा, न वाचता सही करू नका, सगळं एका ठिकाणी ठेवू नका. मुलं भराभर लिहून घेतात. पण खरा धडा मी जो ऐकला, तो असा सांगता येत नाही.

पैसे फेडून झाल्यावर गुरुजींनी मला एक विचारलं. "तुझ्या बायका माझ्यापुढं बसतील का? मला त्यांना एकदा शिकवायचंय. फार उशीर झालाय, पण शिकवायचंय." मला शंका होती. तरी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बैठक ठरली. दगड पडला त्या घरापासून हे देऊळ चार पावलांवर. पंधरा-वीस बायका आल्या, त्यातल्या बऱ्याचशा नुसतं बघायला. द्वारकाबाई कढई सोडून येऊन पुढच्या रांगेत बसल्या.

गुरुजींनी फळ्यावर काही लिहिलं नाही. उभं राहून म्हणाले, "आज मी कसा फसलो ते सांगतो." आणि सांगितलं. सभेपासून जंगलापर्यंत, काही न गाळता. सूट घातलेला माणूस आपल्याला 'सर' म्हणाला तेव्हा किती बरं वाटलं होतं, तेही सांगितलं. संपल्यावर ते म्हणाले, "आता तुम्ही विचारा. माझा मान ठेवू नका. मान ठेवला म्हणूनच हे झालं."

मग मागून एक मजूर बाई उठली. तिचे पैसे सगळ्यात आधी परत दिले होते.

"गुरुजी, शिरपूर काही लांब नही. पैसे भरायच्या आदी तुम्ही झाडं पाह्याले काबरं नही गेले?"

हा प्रश्न माझ्या मनात कितीदा आला होता, पण त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही.

"कारण गेलो असतो तर खरं कळलं असतं," ते म्हणाले. "आणि मला ते खरं नको होतं, माय. मला साग हवा होता."

बाई खाली बसली. गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हं. पुढचा प्रश्न."